एकलहऱ्याची राख, वाशीची खाडी

मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेली माणसं हवापालटासाठी देवळालीला येतात, ही आमच्या कॅम्पाची जुनी ओळख. लॅम रोडच्या दुतर्फा पारशी आणि गुजराती कुटुंबांचे बंगले, सॅनेटोरियम, मोठाली आवारं. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातल्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढं सिमेंटचे स्लॅब आले, तेही इथं चांगले टिकले. खंडोबाच्या टेकडीवर संध्याकाळी पश्चिमेचा वारा लागतो, पण सह्याद्री चढून येईपर्यंत त्यातलं मीठ केव्हाच गळालेलं असतं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या गावात काँक्रीटला समुद्राचं भय नाही.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. धरणं, कालवे, जलसेतू, म्हणजे सगळं गोड्या पाण्यातलं बांधकाम. त्यामुळे वाशीहून बहिणीचा फोन आला तेव्हा मला जावंसं वाटलंच. "दादा, आमच्या गॅलरीखालचा एक तुकडा पडलाय. नशीब, खाली कोणी नव्हतं. आतल्या सळ्या दिसतायत. सोसायटीचे लोक म्हणतात, गिलावा करून रंग मारून घेऊ. तू एकदा बघून जा." तिचा मुलगा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, शिकायला आमच्याकडेच राहतो. तो म्हणाला, "मामा, मी पण येतो. आणि नुसती आईची गॅलरी नको, समुद्रातली बांधकामंही बघू." मग तसाच बेत ठरवला. मात्र वाशीच्या आधी मी त्याला एकलहऱ्याला नेलं.

खाऱ्या पाण्याचा विषय आणि सुरुवात एकलहऱ्यापासून, हे त्याला कोड्यात टाकणारं होतं. नाशिकरोडच्या पलीकडं एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र १९७० पासून कोळसा जाळतंय. आज तिथं २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. चिमणीच्या धुरातून वर जाणारी बारीक राख विजेच्या भाराने पकडून साठवतात आणि बंद टँकरमधून सिमेंटच्या कारखान्यांना नि रेडिमिक्सवाल्यांना पाठवतात. रस्त्याच्या कडेला राखेच्या विटांचा कारखाना होता, तिथल्या ढिगातली चिमूटभर राख भाच्याला बोटांत चोळायला लावली. कणच लागत नाही, इतकी ती मऊ. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण काचेच्या गोळ्यांसारखे गोल दिसतात, आणि त्यातला मोठा भाग सिमेंटच्या कणांइतकाच किंवा त्याहून बारीक असतो.

सिमेंटात पाणी पडलं की मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. काँक्रीटची बहुतेक ताकद त्याची. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुना. या चुन्यामुळे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी राहतं. त्याचा पीएच साडेबारा ते तेराच्या आसपास असतो आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर बसतो, जो तिला गंजू देत नाही. लोखंड सिमेंटात सुरक्षित राहतं ते या थरामुळे. पण चुना पाण्यात विरघळतो, वाहून जातो आणि मागं पोकळ्या सोडतो. राखेतली सिलिका या चुन्यातला काही भाग घेते आणि हळूहळू पहिल्या प्रकारचा, ताकदीचा पदार्थ आणखी तयार करते. छिद्रं बारीक होतात, एकमेकांपासून तुटतात, आणि बाहेरच्या मिठाला आत शिरायची वाट लांब आणि अवघड होते. समुद्रकाठी सिमेंटात राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीची मळी मिसळतात ती यासाठी. खर्च वाचतो, हा वरचा फायदा.

ही विद्या नवी नाही. इटलीत नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावची ज्वालामुखीची राख आणि चुना मिसळून रोमन लोकांनी समुद्रात धक्के बांधले. हेरोद राजाने आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावर कैसरियाचं बंदर उभारलं, तेही याच राखेने, येशूच्या जन्माच्या थोडं आधी. त्यातले काँक्रीटचे ठोकळे आजही पाण्याखाली आहेत. समुद्राचं पाणी झिरपत राहिल्याने त्यांच्या आत नवी खनिजं तयार होत गेली आणि ते ठोकळे कमकुवत न होता धरून राहिले, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय. रोमनांना आणखी एक गोष्ट अनुकूल होती. त्यांच्या काँक्रीटमध्ये लोखंड नव्हतं.

राखेची एक अट मात्र भाच्याला तिथंच सांगितली. राख सावकाश काम करते. नुसत्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारा, राखमिश्रित असेल तर किमान १० दिवस, आणि शक्य तर १४, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. साइटवर चौथ्या दिवशी गोणपाटं वाळलेली दिसतात. तिथं राख घालून काही साधत नाही, उलट वरचा थर कच्चा राहतो. समुद्रकाठी नेमका हा वरचा थरच लढणार असतो.

नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस धरली. इगतपुरी गेली आणि गाडी थळ घाटाच्या उताराला लागली की दोन्ही बाजूंना बेसॉल्टचे कापलेले कडे दिसतात. हा दख्खनचा काळा दगड देवळालीखाली आहे तसाच मुंबईच्या समुद्राखालीही आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. मुंबईकडे त्यात राखेचा मऊ खडक, म्हणजे टफ, आणि तुकड्यांचा ब्रेशियाही मिसळलेला आढळतो, म्हणून तिथं पाया खोदताना दोन खांबांखालचा दगड सारखा मिळेलच असं नाही. कसारा मागं पडलं की हवा जड होते. मीठ मात्र अजून दूर असतं. लाटा फुटून उडणारे खारे तुषार किनाऱ्यापासून पहिल्या एक-दोन किलोमीटरात झपाट्याने कमी होतात. म्हणून एकाच शहरात समुद्राकडे तोंड केलेली गॅलरी आणि मागच्या बाजूची गॅलरी यांचं आयुष्य वेगवेगळं असतं.

बहिणीची इमारत ऐंशीच्या दशकातली, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. गॅलरीचा स्लॅब खालून बघितला. हातभर लांबीचा पोपडा सुटलेला, दोन सळ्या उघड्या, आणि बाजूला तपकिरी ओघळ. सोसायटीने नेमलेले तपासनीस इंजिनिअर त्याच सकाळी आले होते. मुंबईत महापालिकेच्या कायद्यातल्या ३५३-ब कलमाने तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. खाडीच्या या बाजूलाही जुन्या सोसायट्यांमध्ये ते आता होऊ लागलंय. ते गृहस्थ मनापासून काम करणारे. आमची चौकशी ऐकून त्यांनी भाच्याच्याच हातात हातोडी दिली.

गिलावा फोडून ताजा केलेला भाग त्याने झटकला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारलं. अल्क शिल्लक असेल तिथं काँक्रीट गडद गुलाबी होतं, संपलं असेल तिथं रंगच येत नाही. बाहेरच्या पृष्ठभागापासून आत जेमतेम बोटभर रंगहीन पट्टा आणि मग गुलाबी. हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढाच आत शिरला होता. "म्हणजे सळईपर्यंत पोचला?" भाच्याने मोजपट्टी लावली. सळईवर काँक्रीटचं आवरण १२ मिलिमीटर. म्हणजे पोचला. हवेने अल्क संपवलं आणि मिठाने सळई धरली, दोन्ही एकदम.

त्या सळईचा गंज नखाने उचकटला तर पापुद्रे निघाले, एकाखाली एक, वरचा नारिंगी, आतला काळपट. आठ मिलिमीटरची सळई काही जागी निम्मीसुद्धा उरली नव्हती. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा, मग पोकळ आवाज, मग पोपडा. ठोकून बघितलं तर सुटलेला भाग पोकळ वाजतो. भाच्याने सगळ्या गॅलरीभर हातोडी टकटक करून खडूने पोकळ भाग आखले. दिसत होता त्याच्या चौपट भाग पोकळ निघाला.

मग इंजिनिअरसाहेबांनी अर्धघट चाचणी केली. तांब्याच्या सल्फेटची नळी ओल्या पृष्ठभागावर टेकवायची, दुसरी तार उघड्या सळईला जोडायची आणि व्होल्टमीटर बघायचा. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली काटा गेला की तिथं गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर. पोपडा नसलेल्या कोपऱ्यातही तो काटा खाली गेला, तेव्हा बहिणीचा चेहरा उतरला. हे बाहेरून अजून दिसत नव्हतं.

"मग गिलावा करून टाकला असता तर?" तिने विचारलं. तर दोन पावसाळे डाग दिसला नसता, आत गंज चालूच राहिला असता. नीट दुरुस्ती म्हणजे सळईच्या मागं बोट जाईल इतकं काँक्रीट काढायचं, गंज ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने पूर्ण घासायचा, फार झिजलेल्या सळईला जोड द्यायचा, मग पॉलिमरचा मॉर्टर किंवा बारीक खडीचं काँक्रीट भरायचं. एवढं करूनही एक धोका राहतो. दुरुस्त केलेल्या तुकड्याच्या कडेला, जुन्या मीठभरल्या काँक्रीटमध्ये, नवा गंज जोर धरतो. नव्या भागातली सळई सुरक्षित झाली की शेजारची जुनी सळई झिजायला लागते. म्हणून फक्त पडलेला तुकडा भरून भागत नाही. अर्धघटाने आखलेला सगळा भाग उघडावा लागतो. सोसायटीच्या सभेत हे समजावायला तासभर लागला. खर्चाचा आकडा ऐकून सगळे गप्प झाले, पण काम मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी हार्बरची लोकल पकडून खाडी ओलांडली. ओहोटी होती. दारात उभं राहून रेल्वेपुलाचे आणि बाजूच्या रस्त्यांच्या पुलांचे खांब दिसतात. खाली चिखल, त्यावर हिरवट-काळा पट्टा, त्यात कालवं चिकटलेली. त्याच्या वर फिकट, कोरडा, पांढुरक्या ओघळांचा पट्टा. मुंबईत उधाणाच्या भरतीत पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणजे दीड मजल्याच्या जवळपास उंचीचा हा पट्टा त्या दिवसांत रोज दोनदा भिजतो नि सुकतो.

लोकांना वाटतं, जो भाग कायम पाण्यात बुडालेला तो आधी जाणार. होतं उलट. पाण्याखालच्या खांबात मीठ भरपूर शिरतं, पण गंजायला प्राणवायूही लागतो आणि पाण्याने भरलेल्या छिद्रांतून तो फार सावकाश पोचतो. खरा मार बसतो भरती-ओहोटीच्या आणि तुषारांच्या पट्ट्याला. भरतीला खारं पाणी काँक्रीट शोषून घेतं, ओहोटीला पाणी उडून जातं आणि मीठ आत राहतं. पुन्हा भरती, पुन्हा वाळणं. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत जे उन्हात वाफ्यांमध्ये घडतं, तेच या खांबाच्या छिद्रांत घडत असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातला १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड. खांबाच्या त्वचेत हे प्रमाण समुद्राहूनही वाढत जातं, आणि क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की अल्क शाबूत असतानाही तो संरक्षक थर फुटतो. छोट्या छोट्या खड्ड्यांतून गंज सुरू होतो.

सल्फेटचा बागुलबुवा पाठ्यपुस्तकांत फार असतो. समुद्रात सल्फेट असतं, मॅग्नेशियमही असतं आणि कच्च्या काँक्रीटचा पृष्ठभाग ती मऊ करतात. पण क्लोराइडच्या सोबतीत सल्फेटचं फुगवणं पुष्कळ मंदावतं. घट्ट काँक्रीटला समुद्र स्वतःहून फारसं काही करत नाही. त्याच्या आत आपण घातलेल्या लोखंडाला करतो.

याच ठाणे खाडीवरचा रस्त्याचा पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला. खाडीवरून मुंबईला नव्या मुंबईशी जोडणारा तेव्हा तोच धागा. तो प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, म्हणजे आतल्या उच्च ताकदीच्या पोलादी केबल ताणून बसवलेला. पुढं त्या केबल गंजल्याचं आढळलं. बाहेरून नव्या केबल ताणून पुलाला आधार द्यावा लागला, आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा राहिला. साध्या सळईचा गंज निदान डाग, तडा, पोपडा दाखवून सावध करतो. ताणलेली तार नळीत बंद असते. नळी सिमेंटच्या घोळाने पूर्ण भरली गेली नाही, कुठं पोकळी राहिली आणि तिथं खारं पाणी झिरपलं, तर तार आतल्या आत झिजते. बाहेर काही दिसत नाही. आणि ती ताणाखाली असल्याने तुटते तेव्हा एकदम तुटते.

गोव्यात हे घडलं. पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात कोसळला. तो बांधून झाल्याला वीस वर्षंही झाली नव्हती. प्रीस्ट्रेसच्या तारांना लागलेला गंज हे त्यामागचं मुख्य कारण मानलं गेलं. नवा पूल होईपर्यंत लोकांना वर्षानुवर्षं फेरीबोटीवर अवलंबून राहावं लागलं. पुढं जुवारीवरच्या पुलावरही अवजड वाहनांना बंदी घालायची वेळ आली, आणि अखेर शेजारी केबलवर तोललेला नवा पूल बांधावा लागला. पश्चिम किनाऱ्यावर पूल बांधणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने मांडवीचा इतिहास पाठ केला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत उतरून आधी गेटवे गाठलं. वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या या कमानीला सगळे पिवळा दगड म्हणून बघतात. पण ते बांधकाम बेसॉल्ट आणि प्रबलित काँक्रीट दोन्हींचं आहे, १९२४ मध्ये पुरं झालेलं. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचं दीपगृह आणि ससून डॉक, दोन्ही दगडी, दोन्ही १८७५ चे. दगडी कामात लोखंड नसलं की समुद्र झीज करतो, पण फोडत नाही.

भाच्याला सगळ्यात जास्त आवडले ते मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड. चार पायांचे ते काँक्रीटचे ठोकळे, ज्यावर बसून पिढ्यान्‌पिढ्या जोडपी समुद्र बघत आली. हा आकार फ्रान्समध्ये १९५० मध्ये शोधला गेला. दोन टनांचा एकेक ठोकळा असे हजारो इथं पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून टाकले. ते एकमेकांत अडकतात, लाट त्यांच्यातल्या फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. "मामा, याला पण पोपडे पडलेत का?" तो वाकून वाकून शोधत होता. कडा झिजलेल्या होत्या, खडी उघडी पडली होती, कुठं पाय मोडला होता. पण तपकिरी डाग एकही नाही, सळईच्या रेषेतला तडा एकही नाही. कारण आत सळईच नाही. त्याला वर्गात महिनाभर शिकवून जे समजलं नसतं, ते इथं पाच मिनिटांत समजलं.

पुलाला मात्र लोखंडावाचून चालत नाही. वांद्र्याच्या किल्ल्यावरून सागरी सेतू समोर दिसतो. ३० जून २००९ ला तो खुला झाला. त्याखाली समुद्राच्या तळातून बेसॉल्ट, टफ, ब्रेशिया असा बदलता खडक भोकं पाडून तपासावा लागला आणि त्यानुसार पाइल किती खोल न्यायचे ते ठरलं. अशा ठिकाणी पाइलभोवती पोलादी नळकांडं उतरवून काँक्रीट ओततात. पाण्याखाली ओतताना ते वरून टाकत नाहीत. ट्रेमी नावाच्या लांब नळीतून तळाशी सोडतात, नळीचं तोंड कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवून, म्हणजे पाणी मिसळून सिमेंट धुऊन जात नाही. पाइलचा समूह आणि त्यावरचा जाड ठोकळा, ज्याला पाइल कॅप म्हणतात, तो बहुधा नेमका भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येतो. मुंबईच्या कोस्टल रोडवर समुद्रातल्या पुलांना अशा समूहाऐवजी एकच जाड पाइल वापरला, म्हणजे मोनोपाइल. त्यामुळे तळावरची जागा कमी व्यापली गेली, आणि पाइल कॅपच टळल्याने त्या वाईट पट्ट्यातला काँक्रीटचा पृष्ठभागही कमी झाला. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या अटल सेतूची लांबी २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर, आणि त्याचं आयुर्मान शंभर वर्षांचं धरलंय. शंभर वर्षांचं गणित कशावर उभं असतं, हे मात्र लोकांना कोणी सांगत नाही.

ते सळईवरच्या आवरणाच्या जाडीवर, पाणी-सिमेंटाच्या प्रमाणावर आणि भरलेल्या काँक्रीटच्या घट्टपणावर उभं असतं. मानक ४५६ मध्ये वातावरणाचे पाच वर्ग आहेत. देवळालीच्या बंगल्याला सौम्य वर्गात २० मिलिमीटर आवरण पुरतं. समुद्रात पूर्ण बुडालेल्या भागाला तीव्र वर्ग, ४५ मिलिमीटर. तुषारांच्या माऱ्यात अतितीव्र, ५०. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सगळ्यात वरचा वर्ग, ७५ मिलिमीटर, काँक्रीटची प्रत एम-४० च्या खाली नाही आणि पाणी सिमेंटाच्या वजनाच्या ०.४० पटीपेक्षा जास्त नाही. बुडालेल्या भागापेक्षा भिजणाऱ्या-सुकणाऱ्या भागाला जास्त संरक्षण, हे मानकातच लिहिलंय.

आवरणाचा हिशेब भाच्याला मी कागदावर मांडून दाखवला. मीठ आत शिरतं ते खोलीच्या वर्गाच्या हिशेबाने. आवरण दुप्पट केलं तर सळईपर्यंत पोचायला मिठाला साधारण चौपट वेळ लागतो. २५ चे ५० केले तर पंधरा वर्षांची साठ होऊ शकतात. उलट ५० ऐवजी मुकादमाने कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा सारला, बिगारी सळयांवरून चालले, जाळी खाली बसली आणि २५ राहिले, तर नकाशात लिहिलेल्या आयुष्यातला तीन चतुर्थांश भाग त्या दिवशीच गेला. सिमेंट तेवढंच, खर्च तेवढाच.

नाशिकला दिंडोरी रोडवर 'मेरी' आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासूनची. धरणाच्या कामांवरून आमचे काँक्रीटचे घन तिथं दाबायला जात. अठ्ठावीस दिवसांनी घन किती भारावर फुटतो, हेच सगळ्यांच्या तोंडी असायचं. समुद्रकाठी तेवढ्याने भागत नाही. ताकद पुरेशी असूनही काँक्रीट मीठ आत घेऊ शकतं. म्हणून मोठ्या सागरी पुलांवर क्लोराइड झिरपण्याचीही चाचणी करतात. काँक्रीटच्या चकतीतून सहा तास साठ व्होल्टच्या दाबाने प्रवाह सोडायचा आणि किती कूलंब भार गेला ते मोजायचं. हजाराच्या आत असेल तर झिरपणं फार कमी. राख, मळी, मायक्रोसिलिका घातलेलं, नीट पाणी मारलेलं काँक्रीट या परीक्षेत वर येतं.

सळईलाच वाचवायचे उपायही झालेत. सत्तरच्या दशकाअखेरीस अमेरिकेत फ्लोरिडाच्या बेटांना जोडणाऱ्या पुलांना इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळ्या वापरल्या, आणि काही वर्षांतच लेपाला पडलेल्या ओरखड्यांतून गंज शिरला. लेप दिलेली सळई साइटवर कशी हाताळली जाते, यावर तिचं सगळं भवितव्य. मेक्सिकोत युकातानच्या किनाऱ्यावर प्रोग्रेसो गावचा धक्का १९३७ ते १९४१ मध्ये बांधला, त्यात स्टेनलेस स्टीलच्या सळ्या. आजही तो समुद्रात उभा आहे. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेला धक्का मात्र केव्हाच ढासळला. स्टेनलेस महाग पडतं, म्हणून सगळीकडं घालता येत नाही. पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या तेवढ्या सळयांपुरता तो खर्च आपल्याकडच्या पुलांवर केला जावा, असं मला वाटतं. मांडवीसारखा कोसळलेला पूल पुन्हा बांधण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

परतीला वाशीला थांबलो तेव्हा बहिणीच्या इमारतीवर परांची चढली होती. एक कामगार पिंपातलं पाणी डब्याने नव्या भरावावर मारत होता. भाच्याने त्या पाण्याचा थेंब जिभेला लावला. खारट लागलं. टँकर कुठून आला ते विचारलं तर कूपनलिकेचं म्हणाला. खाडीकाठच्या कूपनलिकेत समुद्र असतोच. प्रबलित काँक्रीटच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, आणि जे काढायला एवढा खटाटोप चाललाय तेच मीठ वरून पुन्हा ओतलं जात होतं. बहिणीने ताबडतोब सोसायटीच्या टाकीतून नळी लावून दिली, आणि सेक्रेटरींनी पाण्याची तपासणी करारात घालून घेतली.

किनाऱ्यावर किंवा खाडीकाठी ज्यांचं घर आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. पावसाळ्याआधी एकदा गॅलरीच्या, सज्जाच्या आणि पाण्याच्या टाकीच्या तळाशी बघा. तपकिरी ओघळ किंवा सळईच्या रेषेत सरळ तडा दिसला तर त्यावर गिलावा करू देऊ नका. हातोडीने ठोकून बघा, अर्धघट चाचणी करून घ्या, आवरण किती आहे ते मोजून कागदावर लिहून मागा. आणि दुरुस्ती होईल तेव्हा पाणी कुठलं मारलं आणि किती दिवस मारलं, याची नोंद सोसायटीच्या फायलीत ठेवा.